दादा, ती गोळी हृदयासाठी आहे

पुणे

ती. स्व. दादास,


वहिनीने काल रात्री दोन फोटो पाठवले. एकात तुझ्या लघवीचा रिपोर्ट, साखरेपुढे चार अधिक चिन्हं. दुसऱ्यात तू परत सुरू केलेल्या जुन्या गोळ्यांची पट्टी. खाली तिने लिहिलं होतं, 'लघवीतून एवढी साखर जाते म्हटल्यावर नवी गोळी बंद केली. म्हणतात, जुनीच बरी होती, शुगर कंट्रोलमध्ये होती.' फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत वादावर येतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. मी तुझी धाकटी बहीण असले तरी माझा जन्म मधुमेहाचे रोगी तपासण्यात गेला आहे. या एका बाबतीत माझं ऐक.

दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्यांना उद्यावर टाकता येणार नाही.

पहिली, लघवीत साखर दिसणं हा बिघाड नाही. ती गोळी, एम्पाग्लिफ्लोझिन, नेमकं तेच काम करते. ती घेत असताना लघवीत साखर दिसली नाही, तरच विचारावं लागेल की गोळी घेतली होती का.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जुन्या पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन नावं आहेत : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. यातलं तिसरं औषध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ते वाईट औषध नाही, पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. पण तुझ्या शेवटच्या इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ४० टक्केच आलं आहे. अशा हृदयावर पाण्याचा भार वाढवणारं औषध चालत नाही. वहिनी म्हणाली, संध्याकाळी तुझ्या पायांवर मोज्याचा वळ उमटतो, आणि जिना चढताना तू मध्ये थांबतोस. हे नव्या गोळीने झालेलं नाही. नवी बंद झाली आणि जुनी परत आली, त्यानंतरच हे सुरू झालं. म्हणून हे पत्र वाचून झालं की लगेच तुझ्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन कर, पट्टीवरची तिन्ही नावं वाचून दाखव आणि सूज आल्याचं सांग. रात्री आडवं झाल्यावर धाप लागत असेल, तर फोनवर थांबू नकोस, सरळ दवाखान्यात जा.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते म्हणजे काय करते?

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळं परत आत घेतात. परत आत घेण्याच्या कामातलं नव्वद टक्के काम एक प्रथिन करतं, त्याला एसजीएलटी-२ म्हणतात. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला गेला. तो दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवलं. त्याच धाग्यावरून पुढे शंभराहून अधिक वर्षांनी डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन आणि तुझी एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं तयार झाली. ती या प्रथिनाला अडवतात, आणि मधुमेह असलेल्याच्या लघवीतून रोज साठ-ऐंशी ग्रॅम साखर निघून जाते. तिच्याबरोबर थोडं मीठ आणि पाणीही जातं. तेव्हा इथून पुढे लघवीतल्या साखरेवरून मधुमेहाचा अंदाज करायचा नाही, तो रक्ताच्या तपासणीवरूनच करायचा. लॅबमध्ये नमुना देताना या गोळीचं नाव सांगत जा.

तुझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे, तो मला ठाऊक आहे. शुगर जुन्या गोळ्यांवर ताब्यात होती, साखरेची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी सातच्या आत होतं, मग ही नवी कशासाठी? दादा, आपल्या अण्णांची वही तुला आठवत असेल. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तारीखवार, त्यांच्या वळणदार अक्षरात. शेवटच्या पानापर्यंत आकडे चांगले होते. गेले ते हृदयविकाराच्या झटक्याने. मधुमेह असलेली बहुतेक माणसं साखरेने दगावत नाहीत. हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंड यांच्या आजारांनी दगावतात. अण्णांच्या काळी डॉक्टरांच्या हातात साखर उतरवणारी औषधं होती. साखर उतरली की हृदयही वाचेल, असं सगळेच धरून चालले होते.

हे गृहीत दोन धक्क्यांनी हललं. २००७ मध्ये अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन आणि त्यांच्या सहकारी कॅथी वोल्स्की यांनी रोझिग्लिटाझोनच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. साखर छान उतरवणाऱ्या त्या औषधावर हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता ४३ टक्क्यांनी जास्त निघाली. युरोपात आणि आपल्याकडे २०१० मध्ये ते औषध बंद झालं. अमेरिकेने पुढे २०१३ मध्ये त्यावरचे निर्बंध सैल केले, पण प्रश्न विचारला गेला तो गेलाच. दुसरा धक्का २००८ च्या अ‍ॅकॉर्ड चाचणीचा. दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांचं एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा चंग बांधला होता. त्या गटात मृत्यू २५७ आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २०३. चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियम केला : मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाचा धोका वाढत नाही, हे दाखवून द्यायचं. हेतू इतकाच होता की रुग्णाचं नुकसान होऊ नये. पण त्या नियमामुळे हजारो रुग्णांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांतून कुणाच्या मनात नव्हतं ते समोर आलं.

१७ सप्टेंबर २०१५ रोजी स्टॉकहोमला मधुमेहतज्ज्ञांच्या परिषदेत तुझ्याच गोळीचे निकाल जाहीर झाले. ४२ देशांतले ७,०२० रुग्ण, सगळ्यांना मधुमेह आणि सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, म्हणजे तुझ्यासारखेच. बहुतेकांना स्टॅटिन आणि बीपीची औषधं चालू होतीच. त्यांवर काहींना ही गोळी दिली आणि काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. सरासरी तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू गोळीच्या गटात शंभरी ३.७ आणि दुसऱ्यात ५.९ होते. म्हणजे ३८ टक्क्यांची घट. हृदय थकून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी. कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. हिशेब केला तर ३९ जणांनी तीन वर्षं गोळी घेतल्यावर एक मृत्यू टळतो. मधुमेहाच्या औषधाने असं काही होईल, ही अपेक्षाच नव्हती.

आता नीट लक्ष दे, कारण तुझ्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. दोन्ही गटांच्या एचबीएवनसीमधला फरक किती होता? सुरुवातीला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि शेवटी तर पाव टक्क्याच्या थोडा वर. एवढ्याशा फरकाने तीन वर्षांत माणसं वाचत नाहीत. बरं, फायदा दिसायला वर्षं लागली असंही नाही, काही महिन्यांतच दोन्ही गटांचे आलेख वेगळे झाले. म्हणजे गोळीचा उपयोग साखरेच्या वाटेने झालेला नाही.

मग कोणत्या वाटेने? हृदयाला धोका देणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहू. वरचं बीपी तीन ते पाच अंकांनी उतरतं, आणि तरीही नाडी वाढत नाही. वजन दोनेक किलो कमी होतं. युरिक अ‍ॅसिड उतरतं. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन, जे मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींच्या धोक्याची खूण आहे, ते कमी होतं. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, मात्र किंचित वाढू शकतं. ही सगळी बेरीज केली तरी एवढ्या मोठ्या फायद्याचा हिशेब पुरता लागत नाही. हृदयावरचा मीठ-पाण्याचा भार हलका होणं, मूत्रपिंडाच्या आतला दाब उतरणं, रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण थोडं वाढणं, हे उरलेल्या हिशेबात येतं, आणि याखेरीज हृदयाच्या स्नायूच्या चयापचयावर काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. तुला यातून घ्यायचं ते एवढंच : ही गोळी कामी येते आहे की नाही, हे ग्लुकोमीटरवर दिसणार नाही. साखर तेवढीच राहिली तरी गोळी तिचं काम करत असते.

पंपिंग कमी असलेल्यांसाठी तर पुरावा आणखी ठाम आहे. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनची ४,७४४ जणांवरची चाचणी आली. सगळ्यांचं पंपिंग कमी होतं आणि निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हताच. तरी हृदयाचा आजार बळावणं किंवा त्याने मृत्यू येणं २६ टक्क्यांनी घटलं, मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारखंच. पुढच्या वर्षी तुझ्या गोळीनेही पंपिंग ४० किंवा त्याखाली असलेल्यांत तसाच निकाल दिला. आज मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही ही गोळी देतात. म्हणूनच तुझ्या डॉक्टरांनी शुगर चांगली असताना ती लिहून दिली. मधुमेहाच्या जागतिक मार्गदर्शनातही आता हेच आहे : हृदय थकलेलं असेल किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असेल, तर एचबीएवनसी कितीही असो, हे औषध द्यावं.

ग्लिमेपिराइडबद्दल तू विचारशील. एका मोठ्या चाचणीत सहा हजारांवर लोकांना सहा वर्षांहून अधिक काळ ग्लिमेपिराइड किंवा लिनाग्लिप्टिन दिलं. हृदयाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच ठरली, शंभरात बारा-बारा जणांना त्रास झाला. पण साखर एकदम उतरण्याचा प्रसंग ग्लिमेपिराइडवर शंभरात ३८ जणांवर आला आणि दुसऱ्यावर ११ जणांवर. म्हणजे ग्लिमेपिराइड हृदयाला अपाय करत नाही, पण संरक्षणही देत नाही. नवी गोळी चालू असताना ते ठेवायचंच झालं तर मात्रा कमी करावी लागेल का, हे डॉक्टरांना विचार.

हेही सांगायला हवं की नवं ते सगळं हृदयाला तारक नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही ग्लिप्टिन कुळातली औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. सिटाग्लिप्टिनची चौदा हजारांवर लोकांवर चाचणी झाली, तीत हृदयाला ना तोटा, ना फायदा. त्याच कुळातल्या सॅक्साग्लिप्टिनवर हृदय थकून दाखल होणारे २७ टक्क्यांनी वाढले. एका गोळीत तीन-तीन औषधं कोंबलेल्या पट्ट्या दुकानात मिळतात. म्हणून तुझ्यासारख्याने प्रत्येक पट्टीवर आत काय आहे ते वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नये. अक्षर बारीक असेल तर नातवाला वाचायला लाव.

तुझ्या बँकेतल्या मित्राने आठवड्याचं इंजेक्शन घेऊन वजन उतरवलं आणि तूही ते घ्यावंस म्हणून तो मागे लागला आहे, असं वहिनी म्हणाली. ते औषध दुसऱ्या घराण्यातलं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते इन्सुलिन वाढवतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि भूक शमवतं. ते शरीरात काही मिनिटांतच नष्ट होतं. जॉन एंग या अमेरिकी संशोधकाला गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून २००५ मध्ये पहिलं इंजेक्शन आलं. लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही त्यानंतरची. टिर्झेपटाइड जीएलपी-१ सोबत आणखी एका संप्रेरकाचं काम करतं.

यांचा हृदयाशी संबंध वेगळ्या बाजूने येतो. वजन आणि पोटाचा घेर चांगला कमी होतो, वरचं बीपी थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल जरासे खाली येतात, शरीरातली दाहाची खूण असलेलं सीआरपी कमी होतं. नाडी मात्र मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते. २०१६ मध्ये लिराग्लुटाइडच्या ९,३४० जणांवरच्या चाचणीत झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू हे तिन्ही मिळून १३ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी सेमाग्लुटाइडने २६ टक्क्यांची घट दाखवली. २०२३ च्या चाचणीत तर १७,६०४ जण असे होते की वजन जास्त, हृदयविकार आहे, पण मधुमेह नाही. त्यांच्यातही २० टक्के घट झाली. थोडक्यात, हृदयरोहिणीत चरबी साचून होणारे झटके आणि पक्षाघात टाळण्यात इंजेक्शनाचा हात जास्त, तर थकलेलं हृदय आणि मूत्रपिंड सांभाळण्यात गोळीचा.

तुझ्या बाबतीत गोळी आधी का, ते यावरून कळेल. पंपिंग कमी असलेल्यांत लिराग्लुटाइडच्या दोन लहान चाचण्या झाल्या, त्यांत फायदा दिसला नाही. पुढे कधी दोन्ही एकत्र द्यायचा विचार होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी करायचा, मित्राने नाही. मित्रालाही सांग : या इंजेक्शनाने मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतं, पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्वादुपिंडाला सूज आलेली आढळली आहे. सेमाग्लुटाइडवर डोळ्यांच्या पडद्याचा आधीचा आजार वाढल्याची उदाहरणं त्या २०१६ च्या चाचणीतच जास्त होती, म्हणून सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते घेऊच नये. आणि इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं.

'मी कुठे जाडा आहे?' असं तू म्हणतोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचं छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरात किती चरबी असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवलं. तुझं वजन बरोबर असलं तरी कमरेचा घेर मोज. आपल्याकडच्या पुरुषांत तो ९० सेंटिमीटरवर गेला की धोका धरतात. तुझ्या गोळीच्या चाचणीत पाचवा हिस्सा रुग्ण आशियाई होते आणि त्यांनाही फायदा मिळाला.

आता गोळीचे धोके. ते लपवले तर माझ्या सांगण्याला अर्थ नाही.

लघवीतून साखर जाते, त्यामुळे लघवीच्या जागी बुरशीची खाज आणि पांढरेपणा येऊ शकतो. प्रत्येक वेळी जागा पाण्याने धुऊन कोरडी करायची. खाज सुरू झाली तर संकोच न करता सांगायचं, साध्या मलमाने ती बरी होते. तिथे दुखून सूज आली आणि ताप चढला तर मात्र तासभरही थांबायचं नाही. क्वचित होणारा तो संसर्ग फार झपाट्याने पसरतो.

दुसरा धोका कीटोनचा. शरीराला खाणं पुरत नसेल आणि इन्सुलिन कमी असेल तर या गोळीवर रक्तात कीटोन साठून आम्लता वाढते, आणि तीही साखर फारशी चढलेली नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल धाप, गळून जाणं अशी लक्षणं असतील तर ग्लुकोमीटरवर दोनशेच्या आतला आकडा पाहून निश्चिंत होऊ नकोस. दवाखान्यात गोळीचं नाव सांग आणि रक्तातले कीटोन तपासायला सांग. म्हणून काही नियम पक्के कर. उलट्या, जुलाब, खूप ताप, खाणंपिणं बंद, असा दिवस असेल तर डॉक्टरांना कळवून गोळी थांबव, नीट जेवायला लागल्यावर परत सुरू कर. कुठलंही ऑपरेशन ठरेल तेव्हा किमान तीन दिवस आधी गोळी बंद ठेवायची असते, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना आपणहून सांग. निर्जळी एकादशी करू नकोस. भाकरी-भात पूर्ण सोडायला लावणारे आहाराचे प्रयोगही नकोत.

आषाढीच्या वारीला तू जाणार हे मला माहीत आहे, आणि नको म्हटलं तर ऐकणार नाहीस. आधी सूज पूर्ण उतरू दे आणि डॉक्टरांची परवानगी घे. तुझ्या हृदयाला किती पाणी चालतं ते त्यांना आकड्यात विचार, कारण वाटेत घाम किती जाईल आणि पाणी किती प्यायचं याचा मेळ घालावा लागेल. लघवी जास्त होण्याची दुसरी गोळी चालू असेल तर वारीत तिची मात्रा बदलावी लागू शकते. उभं राहिल्यावर चक्कर आली तर बसून घे आणि बीपी मोजून घे. रात्री मुक्कामाला पोचलास की तळपाय बोटाबोटांमधून पाहायचे, फोड आला असेल तर तो फोडायचा नाही, आणि अनवाणी चालायचं नाही. कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत पायाचं बोट किंवा पाय काढावा लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तुझ्या गोळीच्या चाचणीत तसं दिसलं नाही, तरी मधुमेह असलेल्याने पाय सांभाळायलाच हवेत.

आणखी एक रिपोर्ट तुला घाबरवेल, म्हणून आधीच सांगते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. मूत्रपिंडाच्या आतला जास्तीचा दाब उतरल्याचा तो परिणाम असतो, पुढे ते स्थिरावतं, आणि लांबच्या काळात मूत्रपिंड जास्त टिकतं. वाढ फार असेल तर डॉक्टर ठरवतील. रिपोर्ट पाहून तू स्वतः गोळी बंद करायची नाही.

आणि ही गोळी घेतली म्हणजे बाकीचं सोडून चालेल, असं मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये केवळ १६० मधुमेही रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचं नाव स्टेनो-२. निम्म्या लोकांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, आहार, चालणं या सगळ्याकडे एकदम आणि कसून लक्ष दिलं. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे त्रास निम्म्याहून कमी झाले. एकवीस वर्षांनी पाहिलं तर ती माणसं दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ आठ वर्षं जास्त जगली होती. तेव्हा ही नवी औषधं नव्हती. म्हणून तुझी स्टॅटिनची गोळी, ॲस्पिरिन, बीपीची आणि नाडी आवरणारी गोळी, सगळं जसंच्या तसं चालू राहील. एलडीएल ५५ च्या खाली हवं, बीपी १३०/८० च्या आत. जेवणानंतरची तंबाखूची चिमूट बंद. ती चालू असेपर्यंत कुठलीही गोळी तुला पुरी साथ देणार नाही.

खर्चाचं तू मला कधी बोलला नाहीस, वहिनी बोलली. मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडत होती, हे खरं. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडचं पेटंट संपलं आणि बऱ्याच भारतीय कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली. काहींची दहा रुपयांच्या आत मिळते. डॉक्टरांना सांग की स्वस्त पर्याय लिहून द्या. पैशांसाठी गोळी सोडायची वेळ आली तर आधी मला फोन करायचा. यात मान-अपमान आणू नकोस.

देशात मधुमेह असलेली माणसं दहा कोटींवर गेली, असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत २०२३ मध्ये दिसलं. त्यांतल्या कितीतरी घरांत अण्णांसारखीच एक वही असेल, तीत फक्त साखर लिहिलेली. तुझ्या वहीत यापुढे पाच रकाने आख : रोज सकाळचं वजन, बीपी, पायांवरची सूज, साखर, आणि त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ते शरीरात साठलेलं पाणी समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा, आणि इको डॉक्टर सांगतील तेव्हा.

मी तिथे नाही, तुला तपासलेलं नाही, म्हणून गोळी परत कधी आणि कशी सुरू करायची हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांना विचारायचे प्रश्न लिहून देते. पायोग्लिटाझोन असलेली पट्टी आजच बंद करू का? एम्पाग्लिफ्लोझिन कधीपासून घेऊ आणि त्याआधी कोणत्या तपासण्या करू? ग्लिमेपिराइड आणि लघवीची गोळी किती ठेवू? ऑपरेशनला किती दिवस आधी काय थांबवू? उत्तरं वहिनीला लिहून घ्यायला सांग आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव. जुनी पट्टी घरात ठेवू नका. परत कधी काही रिपोर्ट पाहून शंका आली तर गोळी थांबवायच्या आधी फोन उचल. अपरात्री केलास तरी चालेल, मी घेईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण